आमिशांची पंगत

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

सुरुवात एका अक्षरापासून करते. बाहेरच्या फलकावर 'आमिश लोकांचं खाणं' असा विषय लिहिला आहे. मघाशी दारात एका काकांनी मला विचारलं, "म्हणजे आज सगळं मांसाहाराबद्दल का?" त्यांचं काही चुकलं नाही. आपल्या भाषेत आमिष म्हणजे मांस, गळाला लावतात तेही आमिषच, आणि त्यावरूनच सामिष नि निरामिष. पण तो पोटफोड्या ष. माझ्या विषयातला श शहामृगाचा. हा शब्द याकोब अम्मान या माणसाच्या नावावरून आला. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो स्वित्झर्लंड आणि अल्सास या भागांत धर्मोपदेश करत असे. त्याला मानणारे ते आमिश.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं फिलाडेल्फियात होते. त्या शहरात रीडिंग टर्मिनल मार्केट नावाचा १८९३ सालापासूनचा बंदिस्त बाजार आहे. त्यात आमिशांचे गाळे आहेत. पांढऱ्या टोप्या घातलेल्या, एकरंगी झग्यांतल्या बायका तिथे प्रेट्झेल वळत असतात, डोनट तळत असतात, आणि फळ्यांवर लोणच्यांच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात. रविवारी हे गाळे बंद. आठवड्याचं काम संपलं की या बायका भाड्याच्या गाडीत बसून शंभरेक किलोमीटरवरच्या लँकेस्टर परगण्यात घरी जातात. गाडी चालवणारा आमिश नसतो, कारण मोटार बाळगणं आणि चालवणं त्यांच्या नियमात बसत नाही. मी आधी लोणच्यांसाठी जायचे, पुढे त्या बायकांशी गप्पा मारायला जाऊ लागले. तिकडच्या आपल्या मराठी मंडळींपैकी कितीतरी जण पाहुणे आले की त्यांना लँकेस्टरला घोडागाड्या दाखवायला नेतात. तेव्हा इथे बसलेल्यांपैकीही काही जणांनी ही माणसं लांबून पाहिली असतील.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपल्याकडे धर्म आणि जेवण म्हटलं की काय चालतं आणि काय चालत नाही, हे पहिल्यांदा डोळ्यासमोर येतं. एकादशी, चातुर्मास, कांदा-लसूण, शिवाशिव. आमिशांच्या धर्मात काय खावं यावर जवळजवळ काही बंधन नाही. डुक्कर, गाय, कोंबडी, अंडं, कॉफी, सगळं चालतं. वर्षातून दोन-चार उपासाचे दिवस असतात. लँकेस्टरमध्ये ११ ऑक्टोबरचा, शरद ऋतूतल्या प्रभुभोजनाआधीचा उपास मोठा. प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताची आठवण म्हणून पाव आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. पण कोणाबरोबर बसून जेवावं, यावर मात्र नियम आहे, आणि तो इतका मोलाचा की त्यावरूनच हा समाज जन्माला आला.

ते कसं, ते सांगते. १५२५ साली झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. अजाण बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडलं म्हणून कोणी ख्रिस्ती होत नाही, जाणत्या वयात स्वतः विचार करून शपथ घ्यायला हवी, असं त्यांचं म्हणणं. एवढ्याशा गोष्टीसाठी राज्यकर्त्यांनी कित्येकांना बुडवून मारलं, जाळलं. जे वाचले ते डोंगराळ भागांतल्या शेतांवर जाऊन राहिले. पुढे १६९३ मध्ये त्यांच्यातच फूट पडली. शपथ मोडल्यामुळे मंडळीतून, म्हणजे चर्चच्या समुदायातून, काढलेल्या माणसाशी वागायचं कसं, हा प्रश्न होता. हान्स राइस्ट नावाचे ज्येष्ठ उपदेशक म्हणत, त्याला प्रभुभोजनाला बसू देऊ नये, तेवढं पुरे. ख्रिस्त स्वतः जकातदार आणि पापी लोकांबरोबर जेवला होता, हा त्यांचा आधार. अम्मान म्हणे, ते पुरेसं नाही. घरच्या रोजच्या जेवणालाही अशा माणसाच्या पंक्तीला बसायचं नाही. बायबलमधल्या, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय त्याने पुढे केला. त्यात पौलाने अशा माणसाबरोबर जेवूही नका, असं बजावलं आहे. वादाचे आणखीही मुद्दे होते, प्रभुभोजन वर्षातून एकदा की दोनदा, हा त्यातलाच एक. तेव्हा बघा, एका जेवणाच्या टेबलावरून माणसं दुभंगली आणि त्यातला एक गट पुढे आमिश म्हणून ओळखला जाऊ लागला.

बाकीचा इतिहास भरभर सांगते. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात येऊ लागले. युरोपात मागे राहिलेले हळूहळू इतरांत मिसळले. तिथली शेवटची मंडळी १९३७ मध्ये जर्मनीतल्या इक्सहाइम इथे मेनोनाइट या भाऊबंद पंथाच्या मंडळीत विलीन झाली. अमेरिकेत मात्र १९०० च्या सुमाराला जेमतेम पाच-सहा हजार असलेले आमिश आज चार लाखांच्या आसपास आहेत. पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियाना ही त्यांची मोठी राज्यं. घरात जर्मनची एक बोली बोलतात, तिला पेनसिल्व्हेनिया डच म्हणतात. त्यातल्या 'डच'चा हॉलंडशी संबंध नाही, तो 'डॉइच' या शब्दाचा अपभ्रंश मानला जातो.

आता रविवारच्या जेवणाकडे येते. मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते याच्याबद्दल.

मराठी ख्रिस्ती बांधव चर्चच्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात. आमिशांसाठी याहून चपखल शब्द सापडणार नाही, कारण त्यांना चर्चची इमारतच नसते. एका मंडळीत पंचवीस ते चाळीस घरं. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थना, म्हणजे वर्षातून साधारण सव्वीस वेळा. घरांची संख्या आणि रविवार यांचा हिशेब केलात तर प्रत्येक घराची पाळी वर्षाकाठी एकदा येते. घर बांधतानाच खालच्या मजल्यावरच्या खोल्यांमधल्या भिंती सरकवता येतील, दारं रुंद उघडतील, अशी सोय करतात. बाकं ठेवायला मंडळीची एक बंद घोडागाडी असते. बिनपाठीची लाकडी बाकं, स्तोत्रांची पुस्तकं, जेवणाची भांडी असं सगळं त्या गाडीत. ज्याच्या घरी पाळी, त्याच्या अंगणात ती गाडी आठवडाभर आधी येऊन उभी राहते.

प्रार्थना तीन तास चालते. स्तोत्रं अतिशय संथ, एकेक ओळ लांबवत गातात. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. मधेच लहान मुलांसाठी बिस्किटांची ताटली फिरते. सगळं संपलं की तरुण मुलं उठतात आणि दहा-पंधरा मिनिटांत तीच बाकं दोन-दोन जोडून, खाचांच्या लाकडी आधारांवर चढवून त्यांची टेबलं करतात. ज्यावर बसून देवाचं ऐकलं, त्यावरच पाव मांडायचा. आपल्याकडे देवळात कीर्तन संपल्यावर सभामंडपातच पानं मांडली जातात, तसं काहीसं हे आहे.

आणि जेवायला काय? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच आश्चर्य वाटलं. घरचा पाव, त्यावर लावायला 'चर्च स्प्रेड'. शेंगदाण्याचं लोणी, मार्शमॅलो क्रीम आणि मक्याचा किंवा काकवीसारखा पाक एकत्र फेटून केलेलं हे गोड, चिकट मिश्रण. सोबत चीज, थंड मांसाचे काप, काकडीचं लोणचं, व्हिनेगरमध्ये मुरवलेलं बीट, कॉफी, आणि शेवटी सुक्या सफरचंदांची पाई. पाई म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून भट्टीत भाजलेला गोल पदार्थ. बहुतेक रविवारी हेच जेवण. मिफ्लिन परगण्यातल्या बिग व्हॅलीसारख्या काही ठिकाणी पावाबरोबर मोठ्या कढईत शिजवलेलं घेवड्याचं सूप असतं. तिथे दर वेळी तेच.

दर वेळी तेच का? दीडशे-दोनशे माणसांचं जेवण घालताना यजमानीण थकून जाऊ नये, हे एक कारण. दुसरं कारण मला फार मोठं वाटतं. मागच्या पाळीला अमकीकडे काय होतं, आमच्याकडे त्याहून चांगलं हवं, ही चुरस सुरूच होऊ नये. श्रीमंताच्या घरी आणि नुकतं कर्ज काढून शेत घेतलेल्या जोडप्याच्या घरी पाव तोच, लोणचं तेच. आपल्याकडच्या कितीतरी समारंभांत 'त्यांच्याकडे किती पदार्थ होते' ही चर्चा आठवडाभर चालते. त्या चर्चेची मुळीच उपटायची असतील तर जेवणाची यादीच कायमची ठरवून टाकायला हवी, आणि त्यांनी ती तशी ठरवून टाकली.

पंगती बसतात त्या वयाच्या क्रमाने. वडीलधाऱ्या पुरुषांचं एक टेबल, बायकांचं एक. ती उठली की पुढची, मग तरुण, शेवटी मुलं. प्रत्येक पंगतीच्या आधी आणि नंतर मूक प्रार्थना.

आता या चर्च स्प्रेडकडे नीट बघा. शेंगदाण्याचं बाटलीबंद लोणी आणि मार्शमॅलो क्रीम या विसाव्या शतकातल्या कारखान्यांतून आलेल्या वस्तू. म्हणजे आमिशांचा सगळ्यात 'पारंपरिक' म्हणावा असा रविवारचा पदार्थ त्यांच्या आज्यांच्या आज्यांना माहीतच नव्हता. कारखान्यातली बरणी त्यांनी बिनतक्रार टेबलावर येऊ दिली. बाक मात्र बिनपाठीचंच राहिलं, पंगत वयाच्या क्रमानेच राहिली, आणि प्रार्थना मूकच राहिली. त्यांची परंपरा मला पाककृतीत सापडली नाही, ती बसण्यात सापडली. मंडळी इतकी वाढली की एका घरात मावेना, तर मोठी इमारत बांधत नाहीत, मंडळीचे दोन भाग करतात. किती माणसांनी एकमेकांची माणसं व्हायचं, हे शेवटी एका घरात किती पानं मांडता येतात यावर ठरतं.

घरच्या जेवणातही हीच शांतता. मी एकदा एका आमिश घरी जेवले. टेबलाच्या टोकाला वडील, त्यांच्या एका हाताला आई, मग मुलं वयानुसार. वडिलांनी मान खाली घातली आणि एका क्षणात खोलीतला आवाज बंद झाला. अगदी छोट्या बाळांनाही, बोलायला यायच्या आधी, हात टेबलाखाली घ्यायला शिकवलेलं असतं. जेवणापूर्वी मोठ्याने श्लोक म्हणायची सवय असलेल्या मला ते अर्धं मिनिट फार लांब वाटलं. वडिलांनी मान वर केली तेव्हा कळलं की प्रार्थना झाली. जेवण संपल्यावर पुन्हा तेच. कोणी आधी उठलं नाही. दीड वर्षाचं मूलही उठलं नाही.

रोजचं खाणं म्हणाल तर शेतकऱ्याचं भरपेट खाणं. बटाटे, नूडल्स, मांस, रस्सा, पाव, मका, दूध. लँकेस्टरचं 'पॉट पाई' नावाला पाई आहे, प्रत्यक्षात कोंबडीच्या रश्शात शिजवलेल्या जाड चौकोनी शेवया. हिवाळ्यात डुक्कर कापलं की उरल्यासुरल्या मांसात मक्याचं आणि बकव्हीटचं, म्हणजे कुट्टूचं, पीठ शिजवून वडी थापतात, तिचे काप सकाळी तव्यावर खरपूस भाजून पाकाबरोबर खातात. मला स्वतःला सर्वांत आवडलं ते उन्हाळ्यातल्या संध्याकाळचं 'थंड सूप'. वाडग्यात पाव कुस्करायचा, त्यावर बागेतल्या स्ट्रॉबेरी किंवा पीच, थोडी साखर, आणि वरून थंडगार दूध. दिवसभर उन्हात राबून आल्यावर चूल पेटवायची नाही. दूध-भाकरी कुस्करून खाल्लेल्या माणसाला हे वाडगं परकं वाटणार नाही.

आणि मग बरण्या. जून ते ऑक्टोबर हा आमिश बाईचा बरण्यांचा हंगाम. घेवडा, टोमॅटो, पीच, मका, बीट, मांससुद्धा. एका घरात शेकड्यांनी बरण्या भरतात आणि तळघरात रंगांप्रमाणे लावतात. स्क्रूच्या झाकणाची ही काचेची बरणी १८५८ साली न्यूयॉर्कच्या जॉन लँडिस मेसन याने पेटंट केली, आजही तिला मेसन जार म्हणतात. बागेचा शेवट आला की उरलेल्या सगळ्या भाज्या, थोडा कोबी, थोडी फरसबी, चार गाजरं, एकत्र करून आंबटगोड पाण्यात मुरवायच्या, तो 'चाऊचाऊ'. काही वाया घालवायचं नाही, हा त्यामागचा हिशेब. सफरचंदांच्या फोडी आपल्या आंबोशीसारख्या वाळवतात, त्यांना 'श्नित्झ' म्हणतात. रविवारची पाई त्यांचीच, आणि हॅम नि पिठाच्या गोळ्यांबरोबर शिजवल्या की 'श्नित्झ उन क्नेप' होतं.

शरद ऋतूतलं ॲपल बटर तर बघण्यासारखं. त्यात लोणी नावालाही नसतं. अंगणात चुलाण्यावर तांब्याची मोठी कढई, तिच्यात सफरचंदाचा रस आणि फोडी, आणि दिवसभर ढवळायचं. ढवळायचा लाकडी दांडा इतका लांब की माणूस धुरापासून चार हात दूर उभा राहतो. खाली लागलं तर सगळं गेलं. त्यांच्या बोलीत या पदार्थाला 'लाटवारिक' म्हणतात. ज्यांनी कोल्हापूरकडे गुऱ्हाळावर काहिलीभोवती रात्र काढली आहे, त्यांना तो वास न घेताही कळेल. ढवळायची पाळी बदलत राहते, आणि गप्पा मात्र कढई उतरेपर्यंत संपत नाहीत.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी, कारण तिकडे फिरायला गेलेल्या आपल्या लोकांनाही ती हमखास ऐकवली जाते. 'आमिश टेबलावर सात गोड आणि सात आंबट पदार्थ मांडतात' असं हॉटेलांच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं. टेबलावर लोणची-मुरंबे असतात हे खरं, पण सातांचा नियम कुठल्याही आमिश घरात नाही. तो पर्यटकांसाठी रचलेला. 'आमिश फ्रेंडशिप ब्रेड' नावाने जो आंबवलेल्या पिठाचा डबा घरोघर फिरतो, त्याचाही आमिश घरांशी पुरावा सापडेल असा संबंध नाही. त्याच्या पाककृतीत तर बहुधा तयार पुडिंगचं पाकीट असतं. आणि शाकाहारी मंडळींसाठी कामाची सूचना: पाईची पारी जुन्या पद्धतीने डुकराच्या चरबीत मळतात. काकवीची ती प्रसिद्ध शूफ्लाय पाई दिसायला निरामिष, पण घेण्याआधी विचारावं. त्या बायका प्रामाणिकपणे सांगतात.

इतकं गोड आणि तुपकट खाऊन ही माणसं लठ्ठ होत नाहीत का, असं मला नेहमी विचारतात. कॅनडातल्या ओंटारिओमधल्या एका आमिश वस्तीत संशोधकांनी लोकांच्या कमरेला पावलं मोजायचं यंत्र लावलं होतं. २००४ साली प्रसिद्ध झालेले ते आकडे असे: पुरुष दिवसाला सरासरी १८,४२५ पावलं चालत, बायका १४,१९६. त्या पाहणीतल्या पुरुषांत लठ्ठ एकही नव्हता. पण ही घोड्यांनी नांगरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती. आता निम्म्याहून अधिक आमिश पुरुष सुतारकामात, बांधकामात, कारखान्यांत आहेत. जेवण शेतकऱ्याचं आणि काम बाकावर बसून, असं झालं की तिथेही तीच दुखणी येतात जी आपल्याकडे आली.

स्वयंपाकघरात वीज नाही, म्हणजे सगळं चुलीवर, असं मात्र समजू नका. लँकेस्टरमध्ये गॅसची शेगडी आहे, गॅसवर चालणारा फ्रीज आहे, आणि पीठ मळायचं यंत्र दाबाच्या हवेवर चालतं. विजेची मोटर काढून तिथे हवेवर फिरणारी बसवतात. त्याउलट श्वार्टझेनट्रुबर म्हणून जो कडक पंथ आहे, त्यांच्याकडे हिवाळ्यात तळ्यातला बर्फ कापून साठवतात. कुठलं यंत्र घरात येऊ द्यायचं, हे प्रत्येक मंडळी वेगळं ठरवते. या विषयावर एक वेगळं व्याख्यान होईल, म्हणून पुढे जाते.

लग्न! लँकेस्टरमधली लग्नं परंपरेने सुगी झाल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि वार मंगळवार किंवा गुरुवार. त्याचं कारण साधं आहे. आदला दिवस तयारीला, नंतरचा आवराआवरीला, आणि दोन्हीपैकी काहीच रविवारवर जाता कामा नये. आता लोकसंख्या वाढल्यामुळे वसंतातही लग्नं होतात. साखरपुडा मात्र गुप्त. मंडळीत जाहीर होईपर्यंत शेजाऱ्यालाही सांगायचं नाही. पण गुपित फुटतं ते बागेतून. लग्नाच्या जेवणात सेलरी लागते, आणि भरपूर लागते. शिजवून दाट पांढऱ्या रश्शात, कोंबडीच्या सारणात, आणि टेबलावर फुलांच्या जागी काचेच्या भांड्यांत उभे केलेले सेलरीचे दांडे. म्हणून ज्या घरात लग्नाच्या वयाची मुलगी आहे, त्या घरच्या बागेत जुलैत सेलरीच्या ओळी जास्त दिसल्या की येणारी-जाणारी माणसं घोडागाडीचा वेग जरा कमी करून बघतात. कोणी विचारत नाही. पण सगळे मोजतात.

लग्न मुलीच्या घरी, पाहुणे तीनशे-चारशे. मुख्य पदार्थ 'रोश्ट': भाजलेल्या कोंबड्यांचं मांस सोडवून, पावाचे तुकडे, लोणी आणि सेलरी घालून पुन्हा भाजतात. सोबत कुस्करलेले बटाटे, रस्सा, कोबीची कोशिंबीर, सफरचंदाचा गर, पाई, केक, डोनट. कोंबड्या कापण्याचं काम जुन्या रिवाजाप्रमाणे नवऱ्या मुलाचं. स्वयंपाकाला आचारी नाही. लग्न झालेल्या जोडप्यांना नेमून दिलेलं असतं, रोश्ट तुम्ही, बटाटे तुम्ही, आणि पुरुषही त्या दिवशी बटाटे कुस्करताना दिसतात. हल्ली शेगड्या आणि भांडी भरलेली एक फिरती स्वयंपाकगाडी भाड्याने मिळते, ती अंगणात आणून लावतात. नवरा-नवरी बसतात ती जागा म्हणजे त्यांच्या बोलीतलं 'एक', म्हणजे खोलीचा कोपरा, जिथे दोन टेबलं काटकोनात मिळतात. नवरी नवऱ्याच्या डाव्या हाताला. पुढे आयुष्यभर घोडागाडीत ती तशीच बसणार असते.

दुःखाच्या दिवशीची पद्धतही सांगायला हवी. मृत्यू झाला की घरच्यांनी काही करायचं नाही. शेजारी येतात, गोठा सांभाळतात, शिजवतात, वाढतात. पेनसिल्व्हेनिया डच मुलखात बेदाण्याच्या पाईला 'अंत्यविधीची पाई' असं नावच पडलं होतं. ताजी फळं वर्षभर नसत, बेदाणे मात्र कधीही घरात असत, आणि मृत्यू ऋतू बघून येत नाही.

मोठं काम निघालं तरी पंगत. धान्याचं कोठार जळालं तर दीडेकशे पुरुष येऊन एका दिवसात नव्याचा सांगाडा उभा करतात, हे चित्र तुम्ही पाहिलं असेल. त्यामागचं स्वयंपाकघर चित्रात येत नाही. आमिशांचे सख्खे भाऊबंद असलेल्या मेनोनाइटांच्या एका घरातली जुनी हस्तलिखित यादी आहे, १७५ माणसांच्या अशा जेवणाची: लिंबाच्या ११५ पाई, ५०० डोनट, १५ मोठे केक, १६ कोंबड्या, ३ हॅम, ५० पौंड गोमांस, ३०० छोटे पाव. मी तो पाईंचा आकडा दोनदा वाचला. कोण्या एका बाईने बसून हा हिशेब मांडला, पुढच्या वेळेला कमी पडू नये म्हणून.

इंडियानात आजारी माणसाचं बिल जेवणावर भागवतात. बहुतेक आमिश लोक विमा कंपन्यांचा आरोग्य विमा घेत नाहीत. सरकारी सामाजिक सुरक्षा योजनेतही त्यांना जायचं नव्हतं, एकमेकांना सांभाळणं हे मंडळीचं काम आहे म्हणून. १९६१ मध्ये पेनसिल्व्हेनियात कर न भरल्याबद्दल एका आमिश शेतकऱ्याचे घोडे ऐन नांगरणीत जप्त झाले, देशभर हळहळ झाली, आणि १९६५ मध्ये त्यांना कायद्याने सूट मिळाली. तर दवाखान्याचं मोठं बिल आलं की 'हेस्टॅक सपर' ठेवतात. चुरलेली बिस्किटं, त्यावर भात, मसाल्याचा खिमा, कोबीसारखा पाला, टोमॅटो, वरून चीजचा रस्सा, असा थरावर थर. पैसे प्रत्येकाने मनाला येतील तेवढे टाकायचे. पदार्थ मेक्सिकन टाकोचा दूरचा नातेवाईक, पण काम तेच, तीनशे वर्षं चालत आलेलं.

आता शेवटचा भाग. तो सांगताना मला त्रास होतो, पण तो वगळून पंगतीची गोष्ट पूर्ण होत नाही.

बाप्तिस्म्याची शपथ घेऊन पुढे जो ती मोडतो आणि समजावूनही ऐकत नाही, त्याला मंडळीतून काढतात. मग 'मायडुंग' सुरू होतं, १६९३ च्या त्या भांडणातलं. त्याच्याशी बोलता येतं, त्याला कामात मदत करता येते. पण त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही, आणि त्याच्या हातून वस्तू थेट घ्यायची नाही. त्याने ताटली टेबलावर ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची. शहरात गेलेला मुलगा सणाला घरी आला की आईला हे करावं लागतं. काही घरांत मोठ्या टेबलाच्या टोकाला एक छोटं टेबल लावतात. मधे चार बोटांची फट ठेवतात, आणि दोन्हींवर मिळून एकच टेबलक्लॉथ अंथरतात. नियम पाळला जातो, आणि वरून बघणाऱ्याला एकच टेबल दिसतं. त्या कापडाबद्दल ऐकलं तेव्हा मी बराच वेळ बोलू शकले नाही.

तुमच्या मनात 'वाळीत टाकणं' हा शब्द आला असेल. माझ्याही आला. आपल्याकडे गावकीने आणि जातपंचायतींनी माणसांचं पाणी तोडलं, दळण तोडलं, प्रेताला खांदा मिळू दिला नाही, आणि शेवटी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. दोन्हींत फरक आहे. तिथे जन्मावरून कोणाचं ताट वेगळं होत नाही. शपथ न घेताच जो बाहेर पडला त्याला हे लागू नाही, तो आईच्या शेजारी बसून जेवतो. १६३२ च्या ज्या श्रद्धापत्रावर त्यांचा विश्वास आहे, त्याच्या बहिष्काराच्या कलमातच लिहिलं आहे की तो माणूस भुकेला, तहानलेला किंवा आजारी असेल तर त्याला मदत केलीच पाहिजे. तरीही मला हे पटत नाही. अठरा-वीस वर्षांच्या वयात घेतलेल्या शपथेसाठी आयुष्यभर आईच्या टेबलाशी चार बोटांची फट, ही शिक्षा मला फार मोठी वाटते. राइस्टचं म्हणणं मला जवळचं वाटतं. पण हेही खरं की ज्या समाजाने एकत्र जेवण्याला एवढं मोल दिलं, त्यालाच ते काढून घेणं इतकं जड जातं.

आणि ही फट कायमची असायलाच हवी, असंही नाही. माणूस परत येऊ शकतो, कितीही वर्षांनी. रविवारी मंडळीपुढे गुडघे टेकून चूक कबूल करायची. बिशप हात देऊन त्याला उठवतात, पुरुष असेल तर बंधुत्वाचं चुंबन देतात, बाई असेल तर ते काम बिशपची पत्नी करते. मागचा विषय पुन्हा कोणी काढायचा नसतो. मग तरुण मुलं उठतात, बाकं दोन-दोन जोडून टेबलं लावतात, पाव येतो, बीट येतं, कॉफीची किटली फिरते, आणि त्याच्या वयाची पंगत बसताना शेजारचा माणूस बाकावर थोडा सरकून त्याला जागा करून देतो.